दिल्लीचा काटा वाळपईत कमी का दाखवतो?

वाळपईजवळच्या एका काजू बागायतदारांचा प्रश्न आहे. त्यांच्या मेव्हण्याने दिल्लीहून १०० किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा पाठवला. तिथे तो नीट तपासून घेतलेला होता. इथे बियांची पोती भरताना शंका आली म्हणून त्यांनी सोसायटीतली दहा-दहा किलोची शिक्क्याची पाच वजनं त्यावर ठेवली, तर आकडा आला ४९.९६. नववीतली मुलगी म्हणाली, "पप्पा, गोव्यात गुरुत्वाकर्षण दिल्लीपेक्षा कमी आहे, म्हणून वजन कमी भरतं." बाजारातला दुकानदार म्हणाला, "किलो तो किलोच, दिल्लीत काय नि गोव्यात काय. काटा खराब आहे." यात खरं कोणाचं? आणि पुस्तकात वजन न्यूटनमध्ये सांगतात, तर काट्यावर किलो का?

मी गेली एकतीस वर्षं म्हापशाला काटे दुरुस्त करतो. सुरुवातीला वडिलांबरोबर तराजू केले, मग खाणींवरचे ट्रक तोलणारे वे-ब्रिज, आणि आता बहुतेक दुकानांतले इलेक्ट्रॉनिक काटे. माझ्या मते दोघांचंही खरं आहे. दुकानदार वस्तुमानाबद्दल बोलतोय आणि तुमची बाय, म्हणजे मुलगी, वजनाबद्दल. दुकानदाराचं शेवटचं वाक्य मात्र चुकलं. तो काटा खराब नसावा, तो अजून दिल्लीतच आहे असं समजून चालतोय.

पण गुरुत्वाकर्षणावर ठपका ठेवण्याआधी एक गोष्ट बघा. काट्याच्या प्लॅटफॉर्मखाली किंवा कोपऱ्यात पाण्याचा बुडबुडा असलेली छोटी डबी असते. बुडबुडा वर्तुळाच्या मध्ये आहे का? काटा सव्वादोन अंशांनी कललेला असेल तरी पन्नास किलोला ३८ ग्रॅम कमी दाखवेल, म्हणजे तुमच्याइतकेच. चाळीस सेंटिमीटरच्या प्लॅटफॉर्मची एक बाजू दीड सेंटिमीटर खाली असली की एवढा कल येतो, आणि शेणाने सारवलेल्या खळ्यात किंवा जुन्या ओट्यावर तो डोळ्याला कळतही नाही. भार तिरपा पडला की त्याचा थोडा भाग बाजूला ढकलण्यात जातो आणि काट्याला खालचा दाब कमी मिळतो.

बुडबुडा मध्ये असेल तर पुढची परीक्षा करा. आधी एक वजन ठेवा, मग दोन, मग पाच. दहा किलोला सुमारे ८ ग्रॅम कमी, वीसला १५, पन्नासला ३८, अशी चूक भाराच्या प्रमाणात वाढत असेल तर गणित जागेचं आहे. काट्यावर दहा-दहा ग्रॅमच दिसत असल्याने आकडे १०, २०, ४० असे येतील, पण चाल कळेल. चूक सगळीकडे सारखीच असेल तर झीरो सरकलाय. कधी कमी कधी जास्त दाखवत असेल तर प्लॅटफॉर्म कुठेतरी घासतोय किंवा खाली काजूची बी अडकली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात उत्तरेकडून सेट होऊन आलेले सहा काटे बसवायचे होते. सहाही कमी दाखवत होते आणि सहाही एकाच प्रमाणात. बिघडलेला काटा आपापल्या तऱ्हेने बिघडतो. सहा जण एकच चूक करतात तेव्हा चूक काट्यांबाहेर शोधायची, हे मी तिथे शिकलो.

आता मूळ मुद्दा. वस्तुमान म्हणजे वस्तूत किती द्रव्य आहे, हे पुस्तकातलं वाक्य मुलं पाठ करतात, पण त्याने हाताला काही कळत नाही. रायबंदर-चोडण फेरीबोट आठवा. तिचा सगळा भार पाण्याने उचललेला असतो, कोणाच्याही खांद्यावर काही नाही. तरी धक्क्यावरून सुटताना ती जागची हलायला वेळ घेते, आणि पलीकडे रॅम्पला लागायच्या बऱ्याच आधी चालकाला इंजिन उलटं टाकावं लागतं. भार कोणावर नसतानाही हलायला नको म्हणणं आणि हलल्यावर थांबायला नको म्हणणं, हे वस्तुमान. त्याचं माप किलोग्रॅम. ते दिल्लीत, वाळपईत, चंद्रावर एकच राहतं. अवकाशात वजनच जाणवत नाही, तरी १९७३ साली स्कायलॅबमधल्या अंतराळवीरांचं वस्तुमान मोजलंच गेलं. त्यांना स्प्रिंगच्या खुर्चीवर बसवून झुलवलं आणि एका झोक्याला किती वेळ लागतो ते पाहिलं. जड माणूस सावकाश झुलतो. त्या यंत्राला पृथ्वीच्या ओढीची गरजच नव्हती.

वजन म्हणजे पृथ्वी त्या वस्तूला किती जोराने ओढते ते. ती ताकद आहे, म्हणून तिचं माप न्यूटन. वस्तुमानाला त्या ठिकाणच्या गुरुत्वत्वरणाने गुणलं की वजन मिळतं. गोव्यात हे त्वरण साधारण ९.७८४ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, दिल्लीत साधारण ९.७९१५. पुस्तकातला ९.८ हा गोळाबेरीज आकडा आहे, आणि शाळेच्या गणितापुरता तो ठीक आहे.

गोव्यात कमी का? पृथ्वी फिरते, आणि विषुववृत्ताजवळचा माणूस त्या फिरण्यात जास्त वेगाने ओढला जातो. आपण गोव्यात बसल्या जागी ताशी सुमारे १६०० किलोमीटरने पूर्वेकडे चाललोय. पृथ्वीच्या ओढीतला थोडा भाग आपल्याला त्या वर्तुळात धरून ठेवण्यात खर्च होतो, उरलेला काट्यावर येतो. शिवाय पृथ्वी मध्यावर फुगलेली आहे. विषुववृत्तावरची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त, त्यामुळे इथे आपण केंद्रापासून थोडे लांब. उंची वाढली की ओढ आणखी कमी होते, पण आपल्या भागात तो फरक बारीक आहे. हाच काटा चोर्ला घाट चढवून बेळगावला नेलात तर पन्नास किलोमागे दहा ग्रॅमसुद्धा फरक पडणार नाही.

हे लोकांना पहिल्यांदा कळलं ते काट्यामुळे नाही, घड्याळामुळे. १६७२ साली झाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या काएनला गेला. पॅरिसला बरोबर चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. लंबक पृथ्वीच्या ओढीवर झुलतो. ओढ कमी झाली की झोका सावकाश होतो. आपल्याकडे पोर्तुगीज काळात लिस्बनला लावलेलं लंबकाचं घड्याळ जहाजातून पणजीत उतरलं आणि तसंच भिंतीवर टांगलं, तर ते दिवसाला सव्वा मिनिटाच्या आसपास मागे पडणार. लंबकाचा गोळा थोडा वर सरकवला की काम भागतं. काट्यात मी करतो तेही तेच आहे, फक्त स्क्रूच्या जागी इंडिकेटरची, म्हणजे आकडे दाखवणाऱ्या डबीची, बटणं.

आता काट्याच्या आत बघू.

वडिलांचा जुना तराजू अजून दुकानात आहे. लोखंडी दांडी, पितळी पारडी, मधोमध जीभ. एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजन. पृथ्वी दोन्ही पारड्यांना सारखीच ओढते. दिल्लीत दोन्ही बाजू थोड्या जास्त ओढल्या जातील, गोव्यात दोन्ही थोड्या कमी. जीभ तिथेही मधे, इथेही मधे. म्हणजे तराजू ताकद मोजत नाही, दोन ताकदी एकमेकींसमोर उभ्या करतो आणि त्यातून आपल्याला वस्तुमान सांगतो. तुमचा दुकानदार लहानपणापासून तराजूवर वाढला असणार. त्याचं "किलो तो किलोच" तिथून आलंय आणि ते अगदी योग्य आहे.

पण हे जमतं कसं, यावर क्षणभर थांबा, कारण मला यात अजून नवल वाटतं. फेरीबोट थांबवायला जड असणं एक गोष्ट, आणि पृथ्वीने तिला खाली ओढणं दुसरी. ही दोन्ही एकाच प्रमाणात असायलाच हवीत, असं दिसत तरी नाही. पण असतात. म्हणूनच माडावरून सुटलेला दीड किलोचा नारळ आणि तेवढ्याच उंचीवरून सुटलेली ओली सुपारी जवळजवळ एकदमच जमिनीवर येतात. नारळाला पृथ्वी कितीतरी जास्त ओढते, पण नारळ हलायलाही तितकाच कितीतरी जास्त विरोध करतो. पंधरा मीटरवरून दोघांना पावणेदोन सेकंद लागतात. न्यूटनने हे नुसतं मानून घेतलं नाही. सोनं, चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू हे सगळं लंबकात घालून त्याने झोके मोजले आणि फरक सापडत नाही हे १६८७ च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं. हे प्रमाण पदार्थागणिक बदललं असतं तर लोखंडाच्या वजनाने काजू तोलताच आले नसते.

इलेक्ट्रॉनिक काट्याचं तसं नाही. तुमच्या काट्याचा वरचा पत्रा उचलला की मधे ॲल्युमिनियमचा एक जाड ठोकळा दिसेल. त्याच्या पोटात दोन गोल भोकं, मधल्या फटीने जोडलेली, चष्म्याच्या फ्रेमसारखी. हा लोडसेल. भोकांच्या वरखाली पांढऱ्या लेपाखाली अगदी बारीक तारेच्या जाळ्या चिकटवलेल्या असतात. पोतं ठेवलं की ठोकळा केसभर वाकतो, जाळ्या ताणल्या किंवा दाबल्या जातात, त्यांचा विजेला होणारा विरोध बदलतो. पूर्ण भाराला साधारण दहा मिलिव्होल्ट फरक येतो, पन्नास किलोला पाचच्या आसपास. तुमचे हरवलेले चाळीस ग्रॅम म्हणजे साधारण चार मायक्रोव्होल्ट, व्होल्टचे दहा लाख भाग केले तर त्यातले चार. एवढंसं सिग्नल धरणारा इंडिकेटर आज गावातल्या दुकानात मिळतो.

हा ठोकळा ओढीने वाकतो, दुसऱ्या कशानेही नाही. दुसऱ्या पारड्यात कोणी नाही. त्याला न्यूटन कळतात, किलो कळत नाहीत. मग पडद्यावर किलो येतात कुठून? काटा सेट करणारा त्यावर प्रमाणित वजन ठेवतो आणि सांगतो, "आत्ता तू जेवढा वाकलास त्याला पन्नास म्हण." काटा ते लक्षात ठेवतो. दिल्लीत पन्नास किलोचं वजन ४८९.६ न्यूटन भरतं, आणि तुमच्या काट्याने त्याला पन्नास म्हणायचं ठरवलं. इथे तेच लोखंड ४८९.२ न्यूटनने दाबतं. काटा प्रामाणिकपणे हिशोब करतो आणि ४९.९६ दाखवतो. म्हणून मी म्हणालो, तो बिघडलेला नाही. ज्या जागी शिक्कामोर्तब झालं त्या जागेचं गुरुत्व तो बरोबर घेऊन फिरतोय.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचंही, काट्यावर किलो का याचं, उत्तर मिळतं. १९०१ साली फ्रान्समध्ये भरलेल्या वजन-मापांच्या जागतिक परिषदेत ठरलं की किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक आणि वजन ही ताकद. ९.८०६६५ हा प्रमाण गुरुत्वाचा आकडाही तिथेच ठरला. बाजारात आपण वस्तुमान विकत घेतो. काजूगरात किती द्रव्य आहे त्याचे पैसे देतो, पृथ्वी त्याला किती ओढते त्याचे नाही. बोलताना मात्र त्याला "वजन" म्हणतो, आणि ही सवय इतकी जुनी आहे की ती मोडायचा हट्ट मी धरणार नाही. बायला सांगा, परीक्षेत न्यूटन लिहायचं, बाजारात किलो म्हणायचं, आणि दोन्ही ठिकाणी आपण काय मोजतोय ते मनात ठेवायचं.

फरक किती मोठा होऊ शकतो हे बघायला आपल्याला गोव्याबाहेरचं उदाहरण शोधायला नको. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी मुरगाव बंदरातूनच निघाली, आणि आजही या मोहिमांचा कारभार वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. समजा वास्कोत सेट केलेला काटा आणि बरोबर पन्नास किलो तांदळाचं पोतं, दोन्ही अंटार्क्टिकावरच्या मैत्री या भारतीय केंद्रावर पोचले. मैत्री दक्षिणेला सत्तर अंशांच्याही पुढे, तिथे गुरुत्वत्वरण ९.८२६ च्या घरात. पोतं ५०.२ किलोच्या वर भरेल. तांदळाचा एक दाणाही वाढलेला नसेल. तराजू नेला असता तर त्याने पन्नासच सांगितले असते.

आणि एक तोलणं असं आहे ज्यात काटाच नाही. खाणी चालू होत्या तेव्हा खनिजाचा शेवटचा हिशोब जहाज किती बुडालं यावरून व्हायचा. मी वे-ब्रिजवाला, त्यामुळे ट्रकांचा एकूण आकडा आणि जहाजाचा आकडा जुळत नसे तेव्हा मलाही बोलावणं यायचं. एकदा सर्व्हेअरसोबत छोट्या होडीतून जहाजाच्या पोटाशी गेलो. लोखंडी भिंतीवर पांढरे आकडे, प्रत्येक आकडा दहा सेंटिमीटर उंच, दोन आकड्यांमध्ये दहा सेंटिमीटर मोकळे. पाणी आकड्यावर चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. तो माणूस काही न बोलता कितीतरी लाटा बघत राहिला, मग वहीत एक आकडा लिहिला. असं पुढे नाळेला, मध्यावर, मागे, दोन्ही बाजूंनी, सहा ठिकाणी. मग बादलीने समुद्राचं पाणी काढून त्यात पाण्याची घनता मोजणारा हायड्रोमीटर सोडला. समुद्राच्या पाण्याचा घनमीटर सुमारे १०२५ किलो भरतो, नदीच्या गोड्या पाण्याचा १०००. मांडवीत वर, पावसानंतरच्या गोड्या पाण्यात, तीन मीटर बुडालेला बार्ज समुद्रात आला की तोच माल घेऊन सात-साडेसात सेंटिमीटर वर उचलला जातो. तो फरक धरला नाही तर मोठ्या जहाजाच्या हिशोबात शेकडो टनांचा घोळ. पण गुरुत्वाचा फरक मात्र धरावाच लागत नाही. पृथ्वीने जहाजाला कमी ओढलं तर बाजूला सारलेल्या पाण्यालाही तेवढंच कमी ओढलं. जहाज हा मोठा तराजूच आहे, फक्त दुसऱ्या पारड्यात समुद्र.

तेव्हा कुठलंही मोजमाप समोर आलं की मी स्वतःला एकच विचारतो. हे दोन गोष्टींची तुलना करतंय, की एकट्या ओढीला हात लावून बघतंय? तराजू आणि जहाज तुलना करतात, त्यांना जागा बदललेली चालते. लोडसेल आणि मासळी बाजारातला टांगता स्प्रिंगचा काटा ओढ बघतात. त्यांना जागा बदलली की नव्याने ओळख करून द्यावी लागते. सोनारांच्या काही चांगल्या काट्यांत पोटातच एक प्रमाणित वजन ठेवलेलं असतं. बटण दाबलं की काटा स्वतःच ते उचलून स्वतःला जुळवतो. दहा ग्रॅम सोन्याला दिल्ली-गोवा फरक सुमारे आठ मिलिग्रॅमचा, आणि मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तो लगेच दिसतो.

चाळीस ग्रॅम ही सोडून देण्याची गोष्ट आहे का? नियम म्हणतो, नाही. दहा-दहा ग्रॅमचे भाग असलेल्या तुमच्यासारख्या काट्याला पन्नास किलोवर पडताळणीच्या वेळी दीड भाग, म्हणजे १५ ग्रॅमची सूट असते. चाळीस त्याच्या बाहेर. त्यातून हंगामात शंभर पोती गेली तर चार किलो बिया झाल्या. मुद्दा पैशांचा आहेच, पण काट्यावरचा आकडा बघून दोन माणसं एकमेकांवर विश्वास ठेवतात, आणि तो विश्वास चुकीच्या आकड्यावर उभा राहू नये असं मला मनापासून वाटतं.

करायचं ते असं. काटा सपाट जागी ठेवून बुडबुडा मध्ये आणा. मग परवानाधारक दुरुस्तीवाल्याला बोलवा. तो प्रमाणित वजनं ठेवून काटा इथल्या ओढीला जुळवेल, किंवा इंडिकेटरमध्ये ठिकाणाचा गुरुत्वाचा आकडा भरायची सोय असेल तर तो भरून पुन्हा वजनांनी तपासेल. अर्ध्या तासाचं काम आहे. सील तुटणार, त्यामुळे खरेदी-विक्रीला वापरणार असाल तर वजन-मापे खात्याकडून पुन्हा पडताळणी करून शिक्का घ्यावा लागेल. इलेक्ट्रॉनिक काट्याला ती तशीही दरवर्षी लागतेच. सील स्वतः उघडू नका. आणि काटा तपासायला बियांचं पोतं वापरू नका. उन्हात ठेवलेल्या बियांतलं पाणी उडतं, म्हणजे वस्तुमानच खरोखर कमी होतं, आणि मग गुरुत्वाचा फरक कुठला नि ओलीचा कुठला हे सांगता येत नाही. तपासायला लोखंडच हवं.

बायच्या वहीसाठी आकडे देतो, तिने स्वतः गुणाकार करून बघावेत. पन्नास किलोचं वजन: वाळपईत ४८९.२ न्यूटन, दिल्लीत ४८९.६, मैत्रीवर ४९१.३, चंद्रावर ८१. वस्तुमानाच्या रकान्यात चारही ओळींत ५० किलो.